चंद्रावर स्टोव्ह पेटत नाही

त्या काळात खरोखरच लोकांना बिऱ्हाड उचलून चंद्रावर राहायला जायची वेळ आली असती, तर सगळ्या पृथ्वीवर अगदी तयारीत असलेली एकच बाई सापडली असती, आणि ती म्हणजे माझी थोरली जाऊ. अमेरिकेने माणसं पाठवली ती पाठीला नळकांडी बांधून आणि वर्षानुवर्षं सराव करून घेऊन. पण तिथे भाकरी कशावर भाजायची, दळण कसं पडेल, उपास कधी सोडायचा, याचा विचार तिकडच्या एकाही शहाण्याने केलेला नव्हता, असं जाऊबाईंचं ठाम मत होतं. "दोन दिस ऱ्हाऊन दगडं घेऊन माघारी येनाऱ्यांना काय कळतंय," त्या म्हणायच्या. "नांदायला गेल्याव कळंल." राहुरीच्या अलीकडे पाटाच्या कडेला आमची वस्ती. तिथल्या स्वयंपाकघरात बसून या बाईने चंद्रावरच्या संसाराची जेवढी चिंता वाहिली, तेवढी आमच्या संसाराची वाहिली असती, तर आमच्याकडच्या दुधाला रोज उतू जायची सवय लागली नसती.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा जाऊबाई माझ्या आईच्या वयाच्या होत्या. दोन्ही लेकींची लग्नं करून मोकळ्या झालेल्या, उंच, काटक, आणि आवाज असा की त्यांनी परड्यातून मला हाक मारली तर पाटापलीकडच्या वस्तीवरची सूनही दचकून 'ओ' द्यायची. मी केडगावची, मॅट्रिक झालेली आणि पाचवारी नेसणारी. म्हणजे त्यांच्या लेखी निम्मी बाई आणि निम्मी मास्तरीण. मी त्यांना 'बाई' म्हणायची आणि अहो-जाहो करायची, त्या मला 'धाकले' म्हणायच्या. मॅट्रिकला माझा सायन्स विषय होता हे त्यांना कळलं, त्या दिवशी माझं सुख संपलं.

चंद्राचं प्रकरण सुरू झालं एका भाऊबीजेला. माझा भाऊ नगरला शाळेत विज्ञान शिकवायचा. तो ओवाळून घ्यायला वस्तीवर आला होता. त्याचं ओवाळणं झालं तसं जाऊबाईंनी तेच तबक उचललं आणि परड्यात गेल्या. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं, ही आपल्याकडची रीत; पण बाकीच्या बायका ती उरकतात आणि जाऊबाई ती साजरी करायच्या. उसाच्या शेंड्यांवर बीजेची कोर टेकली होती. त्यांनी एक डोळा मिटून, नेम धरून, हवेतल्या हवेत तिला कुंकू लावलं, करंजी वर धरून दाखवली, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "लई वाळला रं! वहिनी खायाला घालती का न्हाई?" माझा भाऊ दारात उभा राहून हे बघत होता. त्याला राहवलं नाही. "बाई," तो म्हणाला, "तुमच्या भावाच्या घरी माणसं जाऊन आली की. आता तर मोटारसुद्धा नेली. तिला टायर नाहीत, तारेच्या जाळीची चाकं आहेत." बातमी जाऊबाईंना नवी नव्हती, रेडिओवर त्यांनी ती कितीदा तरी ऐकली होती. पण रेडिओवरचा चंद्र आणि आपण ओवाळतो तो चंद्र एकच, हे आजवर त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या तबक घेऊन पायरीवर बसल्या. "म्हंजे माझ्या भावाच्या घरला वाट झाली," त्या हळूच म्हणाल्या, "आन् मला कुनी सांगितलं न्हाई?"

दुसऱ्या दिवसापासून घरातली एकेक वस्तू चंद्रावर चालेल का, या परीक्षेला बसली, आणि परीक्षक म्हणून मी. आधी स्टोव्ह. मी सांगितलं, तिथे हवा नाही, स्टोव्ह पेटणार नाही. "पंप मारला तरी?" म्हटलं, बाई, पंपात भरायलाच हवा नाही. त्यांची खात्री पटावी म्हणून मी मेणबत्तीचा तुकडा पेटवला आणि त्याच्यावर काचेचा पेला पालथा घातला. मेणबत्ती गेली. एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या जाऊबाई कसल्या! मी धुणं घेऊन पाटावर गेले तशी त्यांनी भरभरत्या स्टोव्हवर घरातलं सगळ्यात मोठं पितळी पातेलं पालथं घातलं. स्टोव्ह विझला खरा, पण विझायच्या आधी त्याने रॉकेलचा असा धूर ओकला की दादा, म्हणजे माझे थोरले दीर, घर पेटलं समजून मोटेवरचे बैल सोडून धावत आले. काळ्याठिक्कर तोंडाने जाऊबाई दारात उभ्या. "धाकली खरं बोलती," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तितं ष्टो चालत न्हाई." काड्याच्या पेटीचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, काडीच्या गुलात जळण्यापुरता दम असतो, पण फुर्र करून लगेच विझेल. यावर त्यांनी बराच विचार केला आणि पेटी न्यायची नाही असं ठरवलं. "नुसतं फुर्र करायला कशाला न्यायची? भावजय म्हनंल, आल्या नंदबाई फुर्र करून."

मग जातं. तिथे वस्तूचं वजन सहावा हिस्सा भरतं, हे मी बोलून गेले. जाऊबाईंनी लगेच ओळखलं की वरची तळी हलकी झाली तर दळण भरड निघणार. किती भरड, हे पाहायला त्यांनी अडगळीतलं झिजून पापुद्रा झालेलं जातं काढलं आणि त्यावर बाजरी दळली. आठवडाभर आम्ही सगळे चंद्रावरची भाकरी खात होतो. दादा मुकाट्याने चावायचे आणि एकदा म्हणाले, "तितं जाताना दात घिऊन जायचं का हितंच ठिवून?" तागडी मात्र पहिल्या झटक्याला पास झाली. दोन्ही पारडी सारखीच हलकी होणार, तेव्हा तागडी तिथेही खरं बोलेल, आणि स्प्रिंगचा काटा तेवढा खोटा पडेल, हे ऐकून त्यांनी तागडीवरची धूळ पदराने पुसली. नऊवारीबद्दल तर त्यांना शंकाच नव्हती. तिथे जराशी उडी मारली तरी माणूस पुरुषभर वर जातो असं मी सांगितल्यावर त्यांनी माझ्या पाचवारीकडे फार दयेने पाहिलं. "तुजं काय काम न्हाई तितं," म्हणाल्या. "पैल्याच उडीला आब्रू जाईल. कासोटा पायजे." अमेरिकेने बायका का पाठवल्या नाहीत, याचं कारणही त्यांना त्या क्षणी उमगलं.

संकष्टीचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. चंद्र उगवला की उपास सोडायचा; पण आपणच चंद्रावर बसलोय तर उगवणार कोण? मी म्हटलं, तिथून आपली पृथ्वी दिसते, चंद्रापेक्षा मोठी. त्यांना बरं वाटलं. पण ती उगवत नाही आणि मावळतही नाही, एकाच जागी टांगलेली असते, असं मी सांगितलं मात्र, त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हंजे राहुरी सारखी डोक्याव! आगं बाय, सासर काय तितंबी सुटत न्हाई."

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मीही माहेरी गेले की चुलीपुढे बसून त्यांच्या नकला करायची, आणि माझी आई पदर तोंडाला लावून हसायची. पण श्रावणात माझा भाऊ मला पंचमीसाठी न्यायला आला, म्हणजे माझा मुराळी होऊन आला, त्या दिवशी काहीतरी निराळं झालं. माझी पिशवी भरून तयार होती. जाऊबाईंनी भावाला चहा दिला, समोर बसल्या आणि त्याची उलटतपासणी सुरू केली. एस. टी. एक गेली, दुसरी गेली. तिथे हाक ऐकू जात नाही, हे त्याच्याकडून कळलं तेव्हा त्या आणखी पुढे सरकून बसल्या. ज्या बाईचा सगळा कारभार हाकेवर चालतो तिला हे सोसण्यासारखं नव्हतंच. "आजाबात न्हाई? दारात हुबं ऱ्हाऊन बोंब मारली तरी?" भाऊ म्हणाला, आवाज न्यायला हवाच नाही बाई. मग त्यांचा चेहरा बघून घाईघाईने म्हणाला, "पण एक आहे. दोघांनी डोक्यावरचे टोप एकमेकांना टेकवले की ऐकू येतं."

"म्हंजे गळ्यात पडल्याव," जाऊबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हायेरी तसंच आसतंय. आदी गळ्यात पडायचं, मग बोलायचं." त्यांनी कपबशी उचलली आणि जाता जाता आणखी एक विचारलं, "आन् पानी?" भाऊ म्हणाला, "थेंब नाही." "लई बेस," त्या म्हणाल्या. "म्हंजे तितं कुनी धरान बांदायचं न्हाई."

माझा भाऊ हसला. मी हसले नाही, कारण मला माहीत होतं. जाऊबाईंचं गाव मुळा नदीच्या काठी होतं, आणि धरणाचं पाणी चढलं तसं ते पाण्याखाली गेलं. आईबाप आधीच गेलेले, पाठीला भाऊ नाही, बहीण नाही. एक चुलते होते, त्यांना बदली जमीन मिळाली ती कुठे तरी लांब, आणि तिकडे जाऊन म्हातारा-म्हातारी दोघंही वारली. गाव उठलं तेव्हा जाऊबाईंची धाकटी लेक बाळंतपणाला आमच्याकडे आलेली होती, म्हणून त्यांना जाता आलं नाही. पुढच्या आठवड्यात जाईन म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यात जायला गाव नव्हतं. लेकींना त्यांनी कधी माहेरपणाला कमी केलं नाही. तळून, लाटून, न्हाऊमाखू घालून पाठवायच्या. पण नागपंचमी आली, दिवाळी आली, वस्तीवरच्या सुनांचे मुराळी यायला लागले, की ही बाई उगाचच दारापुढचं अंगण दोनदा झाडायची. सासरी नांदून तीस वर्षं उलटलेल्या बाईला माहेरची ओढ उरत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिला तेव्हा बघायला हवं होतं. तिला काही नको होतं. एकदा फक्त माहेरी जाऊन यायचं होतं.

त्या दिवशी तिसऱ्या एस. टी.ने आम्ही निघालो. पाटाच्या पुलापर्यंत पोचवायला आलेल्या जाऊबाईंनी माझ्या भावाला विचारलं, तिथे झोका बांधला तर? तो म्हणाला, हळू हळू येईल बाई, पण अडवायला वारा नाही, तेव्हा लवकर थांबायचाही नाही. हे त्यांना फार आवडलं. आम्ही बसमध्ये चढेपर्यंत त्या मान हलवत उभ्या होत्या, आणि खिडकीतून बघितलं तेव्हा एकट्याच काहीतरी पुटपुटत होत्या.

मग दुष्काळ पडला. पाऊस असा पाठ फिरवून गेला की पाटातली वाळू उडायला लागली. मोट बंद पडली, बैल छावणीवर गेले, ऊस जनावरांनी खाल्ला. सगळा मुलूख आभाळाकडे डोळे लावून बसला होता, आणि ऐन उन्हाळ्यात एक दिवस कोणीतरी बातमी आणली की धरणाचं पाणी तळाला गेलं, बुडालेली गावं उघडी पडलीत. मारुतीचा पार दिसतो म्हणे, घरांच्या भिंती दिसतात. जाऊबाई तेव्हा ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि दादांना म्हणाल्या, "मला जायचंय."

दादा वाईट माणूस नव्हते, पण त्या उन्हाळ्यात त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते म्हणाले, "काय बगायचं तितं? बुडाल्यालं गाव म्हंजे गेल्यालं मानूस. उकरून तोंड बगू न्हाई. आन् गाळात रुतली म्हंजे?" जाऊबाई नेहमीसारख्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठून अंगण झाडायला लागल्या. एकदा झाडलं, पुन्हा झाडलं. पाऊस आज ना उद्या येणार, प्रत्येकजण त्याच्यासाठी देव पाण्यात घालून बसलेला, आणि आला की ते गाव परत खाली जाणार, हे त्यांना कळत होतं. दुष्काळात पावसाला 'जरा थांब' म्हणायची चोरी असते. मला ते बघवेना. मी बाहेर गेले आणि म्हटलं, "चला बाई, मी आले मुराळी."

"बाईमानूस कुटं मुराळी आसतं व्हय?" त्या खराटा न थांबवता म्हणाल्या.

"चंद्र भाऊ चालतो, मग मी मुराळी का चालत नाही?"

खराटा थांबला. त्या आत गेल्या आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या. दादा ओट्यावर बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण पाण्याची कळशी पुढे सरकवली. "भरून न्या," म्हणाले. "लई ऊन हाय."

एस. टी.ने जिथवर गेलो तिथवर गेलो, पुढे पायी. रस्ता उतरत उतरत धरणाच्या पोटात गेला आणि तिथे संपला. पुढे नुसता राखाडी गाळ, वाळून ढेकळं फुटलेला, नजर पोचेल तिथवर. झाड नाही, पाखरू नाही. मधूनच एखादं वाळकं खोड, शिंपल्यांचा खच, आणि पावलागणिक उडणारा पिठासारखा फुफाटा. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की बाई, हा तर चंद्रच. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून मी ते गिळलं. एरवी माझ्यापुढे दहा पावलं चालणारी बाई हळू चालली होती. मारुतीचा पार लागला. तिथे त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या, त्या तापल्या गाळात, आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

घर म्हणजे कमरेएवढ्या चार भिंती. गाव उठताना लोकांनी तुळया नेल्या, चौकटी नेल्या, पत्रे नेले. दगड तेवढे राहिले. मी ढासळलेल्या भिंतीवरून पाय टाकून आत जायला लागले, तसा तो पाटापलीकडचा आवाज कडाडला. "भिताडावरनं काय येती चोरागत? दारातनं ये!" मी वळसा घालून आले. दार नव्हतं, पण दगडी उंबरा होता, मधोमध झिजलेला. जाऊबाईंनी पदराने त्याच्यावरचा गाळ पुसला, हात लावून कपाळाला लावला आणि आत गेल्या. आत गेल्यावर मात्र त्या बाईच राहिल्या नाहीत, कोणी दुसऱ्याच झाल्या. हितं चूल, हितं आयेची मांडणी, हितं बाप्यांची पंगत, हितं मी पाळण्यात. कोपऱ्यात गेल्या आणि म्हणाल्या, "हितं मी लपायची. आय म्हनायची, कुटं गेली गं कार्टी, आन् मी हितंच." त्या खरंच त्या कोपऱ्यात बसल्या, गुडघे पोटाशी घेऊन, हिरव्या लुगड्याला गाळ लागू देऊन. मला म्हणाल्या, "बस की. पावनी हायेस." मी चुलीपाशी बसले. आम्ही कळशीतलं पाणी प्यालो. त्या भिंतीवर हात फिरवत होत्या, आणि मला पहिल्यांदाच माझ्या केडगावच्या घराची, आजही सगळी माणसं जिवंत असलेल्या घराची, उगाच लाज वाटत होती.

ऊन कलायला लागलं तसं मी म्हटलं, बाई, निघायला हवं, एस. टी. चुकेल. त्या उठल्या. लुगडं झटकलं, कुठे कुंकू नव्हतं, म्हणून आपल्याच कपाळाचं बोटावर घेऊन उंबऱ्याला लावलं. मग उंबऱ्याबाहेर आल्या, मागे वळल्या आणि त्या चार भिंतींना म्हणाल्या, "येते मी."

आणि तिथेच थांबल्या. मी चार पावलं पुढे गेले होते. वाटलं, काही विसरलं असेल. "चला ना बाई." त्या हलल्या नाहीत. आपल्याकडे कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. पण तेवढ्याने होत नाही. घरातून कोणीतरी 'ये' म्हणावं लागतं, त्याशिवाय लेकीचा पाय माहेरातून निघत नाही. हे मला कळायला वेळ लागला. मी परत गेले, उंबरा ओलांडून आत, चुलीच्या जागेपाशी उभी राहिले आणि म्हटलं, "या बाई. पुन्हा या."

त्यांनी मान हलवली. 'या' नको होतं. 'या' म्हणजे सासर. माहेरात कोण लेकीला अहो-जाहो करतं? माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठी बाई, घरची थोरली सून, आणि मी तिच्या हाताखालची. जीभ रेटेना. पण त्या उंबऱ्याबाहेर हातात वहाणा घेऊन उभ्या होत्या, आणि सगळ्या जगात दुसरं कोणी तिथे म्हणायला नव्हतं.

"ये गं बाय," मी म्हटलं. "पुन्हा ये."

"व्हय," त्या म्हणाल्या. वहाणा घातल्या आणि चालायला लागल्या. एकदाही मागे पाहिलं नाही.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. धरण भरलं, पाट वाहिला, बैल घरी आले, आणि आम्ही सगळ्यांनी गुळाचा नैवेद्य दाखवला, जाऊबाईंनीसुद्धा. त्या दिवसाबद्दल आम्ही घरात कधी बोललो नाही आणि चारचौघांत माझं अहो-जाहो तसंच चालू राहिलं. पण घरात आम्ही दोघीच असलो की त्या कुठेही निघाल्या, राहुरीच्या बाजाराला म्हणा, नाहीतर नुसत्या मळ्यात मिरच्या तोडायला, तरी "येते गं" म्हणून दारात थांबायच्या. मी भाकरी थापत असले तरी हातातला उंडा खाली ठेवायची आणि म्हणायची, "ये."